आरोग्याचा पदभार

शरीर माणसाला जन्मतःच मिळत असलं, तरी त्याचा पदभार रीतसर स्वीकारल्याशिवाय ते त्याचं झालं असं म्हणता येत नाही. बहुसंख्य लोक हा पदभार कधी स्वीकारतच नाहीत. भूक लागली की जेवतात, झोप आली की झोपतात, आणि असा बेजबाबदार कारभार पुष्कळदा ऐंशी-ऐंशी वर्षं चालवतात.

बस आगाराच्या वेळापत्रक विभागाचे प्रमुख मात्र त्यातले नव्हते. (वय चोपन्न, सेवा एकोणतीस वर्षं, रजा बहुतेक शिल्लक.) एका संध्याकाळी घराचा जिना चढताना ते मध्येच थांबले आणि बराच वेळ कठडा धरून उभे राहिले. मागून येणाऱ्या बायकोने त्यांचा घामेजलेला चेहरा बघितला आणि ती घाबरली. चांगलीच घाबरली. दुसऱ्याच दिवशी तिने त्यांना दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि म्हणाल्या, "काका, अजून हातातून काही गेलेलं नाही. वेळेवर जेवा, वेळेवर झोपा आणि रोज संध्याकाळी अर्धा तास चाला. तीन महिन्यांनी या."

"आम्ही दोघं जाऊ की चालायला," बायको लगेच म्हणाली. तिचा जीव भांड्यात पडला होता.

साहेबांना हा सल्ला अपमानास्पद वाटला. त्यात वाचण्यासारखं काहीच नव्हतं. ज्या उपायाला तळटीप नाही, ज्याच्यावर मतभेद नाहीत आणि ज्याला झाकण नाही, त्याच्यावर शिकल्यासवरलेल्या माणसाने विश्वास तरी कसा ठेवायचा? "आधी थोडा अभ्यास करतो," ते म्हणाले, "मग चालायला लागू."

अभ्यास सात आठवडे चालला. (बसून.) एकशे बारा लेखांतून असं निर्विवाद सिद्ध झालं, की साहेबांच्या शरीरात एकोणीस द्रव्यांची कमतरता आहे, त्यांतल्या सात द्रव्यांचं नाव साहेबांनी आणि बहुधा शरीरानेही पूर्वी ऐकलेलं नाही, आणि अंडं हे सोमवारी छापलेल्या लेखात अमृत असून गुरुवारच्या लेखात विष आहे. तेव्हापासून घरात अंडी आणली जात, पण त्यांच्याबाबतचा निर्णय राखून ठेवला जाई.

स्वयंपाकघरातली डब्यांची फळी रिकामी झाली आणि तिथे बाटल्या आल्या. खरी अडचण त्यानंतरची होती. लोहाची गोळी कॅल्शियमबरोबर चालत नाही, मधे दोन तास हवेत. जस्त रिकाम्या पोटी, तेलाची गोळी भरल्या पोटी, आणि चहा कुणाच्याच शेजारी नको. इथे तुमच्या-आमच्यासारख्याने हात टेकले असते. पण एका फलाटावर दोन गाड्या येऊ न देण्यात साहेबांची हयात गेली होती. पोट म्हणजे एका फलाटाचं स्थानक, एवढं मान्य केलं की पुढचं काम फक्त पट्टी-पेन्सिलीचं उरतं. पहाटे पाच दहापासूनचं नऊ पानी वेळापत्रक फ्रिजच्या दारावर लागलं. (रविवारसाठी वेगळं परिशिष्ट.)

त्यात एकच वाहन बसेना, ते म्हणजे जेवण. लोह, कॅल्शियम, तेल, सगळं एकदम घेऊन येतं, तीन-तीन तास फलाट अडवतं, वर कुठली गोष्ट किती आणली याची पावती नाही. अखेर नवव्या पानाच्या तळाशी सूचना आली : 'जेवण ही अनियमित फेरी असल्याने पुढील आदेशापर्यंत ती दुपारी ४.३० ते ४.४२ या वेळेत सोडण्यात येईल. विलंब झाल्यास फेरी रद्द समजावी.'

"अहो, ताट वाढलंय. गरम आहे तोवर बसा ना."

"अगं, आत्ता कॅल्शियम आत आहे."

"आणि चालायला कधी जायचं?"

"साडेसहाला जस्त असतं. जस्तानंतर हालचाल नको, असं एका लेखात आहे."

"बाकीच्या लेखांत?"

"हालचाल केलीच पाहिजे, असं आहे. म्हणून मी खुर्चीत बसून पाय हलवतो."

बायको एकटीच चालायला जाऊ लागली. सुरुवातीला ती कोपऱ्यावर थांबून मागे वळून बघायची, हा माणूस येतोय का म्हणून. मग बघायचं सोडलं. तिला राग आला होता, आणि रागाने माणूस भराभर चालतो. तीन महिन्यांत तिचे गुडघे दुखायचे थांबले आणि तिला गाढ झोप लागू लागली. साहेबांनी वहीत नोंद केली : 'बाटल्यांच्या नुसत्या सहवासानेही कुटुंबीयांस लक्षणीय लाभ.'

त्याच आठवड्यात साहेब जिन्यात नुसते थांबले नाहीत, तर मटकन खालीच बसले. शेजाऱ्यांनी त्यांना खुर्चीत घालून खाली नेलं. डॉक्टरीणबाईंनी नऊ पानं वाचली. सहाव्या पानावर त्यांनी चष्मा काढला.

"काका, हे सगळं आजपासून बंद. पंधरा दिवस काहीही घ्यायचं नाही. नुसतं जेवायचं."

बाहेर बाकावर बायको म्हणाली, "मला तुमच्याबरोबर म्हातारं व्हायचंय हो. त्या बाटल्यांबरोबर नाही." साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते खरं होतं, आणि त्यात किती क्षार गेले याचा हिशेबही त्यांनी केला नाही.

पंधरा दिवस ते जेवले, झोपले, आणि शेवटचे तीन दिवस बायकोबरोबर चाललेसुद्धा. तरतरी आली. बायको वाटेत गुणगुणत होती. तेवढ्यात साहेब जागीच थांबले.

"अगं, 'काहीही नाही' हे एवढं गुणकारी असेल, तर आपण ते किती प्रमाणात घेतोय?"

तिथूनच ते अभ्यासाला परतले. आता ते दिवसातून तीनदा रिकामी कॅप्सूल घेतात. आत शंभर टक्के शुद्ध 'काहीही नाही' असतं, आणि भेसळीला जागाच नाही. तिसरी वेळ संध्याकाळी साडेसहाची. त्या वेळी बायको चपला घालते, क्षणभर दारात उभी राहते आणि दार ओढून घेते.

ही हकीकत आजवर अठ्ठ्याण्णव जणांना सांगून झाली. सगळे पोट धरून हसले, आणि हसून झाल्यावर सगळ्यांनी एकच विचारलं, की ती कॅप्सूल जेवणाआधी घ्यायची की नंतर. ती बाई एकटी कुठवर चालत जाते, हे कुणीही विचारलं नाही. तुम्हीही विचारलेलं नाही. तुम्ही अजून उत्तराची वाट बघताय.

जेवणाआधी.