प्रतिमाचा लोकर-सर्वे

दिवाळीच्या सुट्ट्या लागल्या त्याच दिवशी प्रतिमा खोटं बोलली, आणि तेही थोरल्या नणंदेशी.

रेणुकाताईंचा धामणगाव बढ्याहून फोन आला होता, की यंदा आठ दिवस राहायलाच या. आता तिथं राहायचं म्हणजे वीस माणसांचा गोतावळा आणि सकाळपासून पोळपाट-लाटणं. इकडे प्रतिमाचे बेत केव्हाचे ठरलेले. नांदुऱ्याच्या शाळेत सत्रभर ओरडून बाईंचा घसा बसला होता. दुपारी दार लावायचं, मांडीवर कादंबरी, हातात सुया, गॅसवर चिवड्याचे पोहे भाजायला. तिच्या तोंडून निघून गेलं, "ताई, मले ड्यूटी लागली. घरोघरी सर्वे हाये."

शिक्षकाला सुट्टीत सर्वे लागला यावर शंका कोण घेणार? रेणुकाताईंनी उलट सरकारचाच उद्धार केला. नवरा नीळकंठ पेपरातून डोकं न काढता एवढंच म्हणाला, की हे तुझ्या अंगाशी येणार.

पहिले दोन दिवस मात्र नुसतं सुख होतं. डाळींचे डबे घासूनपुसून रांगेत लागले, कादंबरीची दीडशे पानं झाली, लाल स्वेटरची पाठ खांद्यापर्यंत आली. तिसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं. बाहेर रेणुकाताई, दोन्ही हातांत फराळाचे डबे.

"तू दिवसभर उन्हात फिरशीन, अन् घरचं कोन पाहीन? म्हून आली मी," त्या म्हणाल्या आणि थेट स्वयंपाकघरात शिरल्या.

झालं. गळ्यात शाळेचं ओळखपत्र, हातात रजिस्टर, पिशवीत तळाशी लोकर, अशी ही बया घराबाहेर पडली ती मागच्या गल्लीत कौसरकडे. कौसर तिच्याच शाळेतली. ती आधी पोट धरून हसली, मग आतल्या खोलीत खुर्ची टाकून दिली. पण दुसऱ्याच्या घरी लपून विणण्यात कसली मजा? टाके सुटत होते, उसवून पुन्हा घालावे लागत होते. दुपारी तोंडावर पाणी मारून घामेजल्यासारखं करून ती घरी आली, तर ताईंनी गरम भाकरी वाढली, आणि जेवण झाल्यावर तिचे पाय मांडीवर घेऊन चेपायला बसल्या.

पाच वर्षांनी मोठी नणंद, आणि ती आपले पाय चेपते. प्रतिमाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खरं सांगून टाकावं असं शंभरदा मनात आलं, पण जीभ काही रेटेना.

दुसऱ्या दिवशी ताईंनीच चपला घातल्या. "आज मी येतो संग. तू इचार, मी लिहितो." आता कुठलं कौसरचं घर? कोपऱ्यावरचं पहिलं दार जनकाबाईंचं. ओसरीत बसलेल्या त्या म्हातारीपुढे उभं राहिल्यावर प्रतिमाच्या डोक्यात एकही प्रश्न येईना. जे चार दिवस डोक्यात होतं तेच बाहेर पडलं. घरात विणकाम कोणाला येतं? वाचायला पुस्तकं किती? जनकाबाईंनी विचार करून सांगितलं, की पुस्तक एकच, गॅसचं. विणकाम मात्र एके काळी फार केलं, अजूनही हात शिवशिवतात, पण लोकर कोण आणून देतं? ताईंनी हे सगळं अक्षर न अक्षर लिहून घेतलं.

अशी अकरा घरं झाली. प्रत्येक घरी बायका विचारत, यात काय भेटणार? प्रतिमा सांगे, काही नाही. पण काही द्यायचं नसताना कोणी दारात येऊन विचारतं का? संध्याकाळपर्यंत अख्ख्या मोहल्ल्यात झालं, की सरकार बायकांना लोकर देऊन राह्यलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता प्रतिमाच्या दारापुढच्या ओट्यावर नऊ बायका. प्रत्येकीच्या हातात आधारची झेरॉक्स. सगळ्यांत आधी येऊन बसलेल्या जनकाबाई.

प्रतिमाने ताईंना स्वयंपाकघरात ओढलं आणि एका दमात ओकून टाकलं. "ताई, ड्यूटी-बिटी काही नाही. मले घरी बसून विनाचं होतं. खोटं बोलली मी."

रेणुकाताईंनी गॅस बंद केला.

"आमच्या घरी सारे म्हनत होते, प्रतिमा बहाना करून राह्यली. मी साऱ्याइशी भांडून आली इथं. म्हटलं, ते मास्तरीण हाये, ते खोटं बोलत नाही."

त्यापेक्षा त्यांनी दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"आता मी काही खोटी पडत नाही," ताई पदर खोचत म्हणाल्या. "लोकर कुठी हाये तुयी?"

प्रतिमाची लोकरीची पेटी रिकामी झाली. गुंडे आठ निघाले आणि बायका नऊ. ताईंनी कोणाला न विचारता लाल स्वेटरची पाठ घेतली आणि भराभरा उसवून नववा गुंडा केला. सगळ्यांत आधी येऊनही, धडपडत उठेपर्यंत जनकाबाईंचा नंबर शेवटचा लागला होता.

"सही येत नाही मले. अंगठा कुठी लावू?"

"कुठीच नाही, आजी. हे सरकारचं नाही, माह्या घरचं हाये," प्रतिमा कशीबशी म्हणाली.

म्हातारीने गुंडा परत पुढे केला. "मंग नको. कोनाच्या घरचं मांगाले मी नाही आली."

प्रतिमाने नीळकंठच्या टेबलावरून शाईचं पॅड आणलं आणि रजिस्टर उघडून, सरकारी कामासारखा, त्यांचा अंगठा घेतला. जनकाबाईंनी गुंडा छातीशी धरला. दुसरा हात प्रतिमाच्या डोक्यावर ठेवला.

"सर्वेवाले लय पाहिले, बाई. सारे लिहून घेऊन जातात. तूच एक खरी निघाली."

प्रतिमाची मान खाली गेली ती वर होईना. मागे रेणुकाताईंना एकदम खोकला आला.