पाहुणे येण्याआधीची आवराआवर

कढईतलं तेल पेटलं आणि आजोबांनी ते विझवलंही. त्यांना साधा चटकासुद्धा बसला नाही. फक्त स्वयंपाकघरात छतापर्यंत काजळी धरली. पण आजोबांची काळजी वेगळीच होती. दुसऱ्या दिवशी मुलगी येणार होती. "बाबा, आता काही झालं तर मी तुम्हाला माझ्याकडेच घेऊन जाईन," असं ती मागच्या खेपेला बजावून गेली होती. ती बोलल्याप्रमाणे करणारी होती आणि आजोबांना आपलं घर सोडायचं नव्हतं.

त्यांनी आगीनंतरची साफसफाई करणाऱ्यांना फोन केला. "उद्या सकाळीच येतो. तोवर कशालाही हात लावू नका," तिकडची बाई म्हणाली.

फोन ठेवून आजोबांनी भिंतीकडे पाहिलं. परकी माणसं घरात येणार आणि त्यांना असली भिंत दाखवायची? कोणी येणार म्हटलं की आधी घर आवरायचं, ही त्यांची जन्माची सवय. त्यांनी फडकं ओलं केलं.

काजळी निघाली नाही, पसरली. जोर लावला, तर आत मुरली. भिंत लवकर वाळावी म्हणून त्यांनी पंखा लावला. मग छतावरची कोरडी काजळी उडाली आणि बाहेरच्या खोलीतल्या पडद्यांवर जाऊन बसली. पडदे काढून त्यांनी आतल्या खोलीत नेले आणि पलंगावर झटकले.

सकाळी बाई आली. सोबत दोन माणसं आणि एक यंत्र.

"काका, आग कुठे लागली होती?"

"स्वयंपाकघरात."

"मग उशीवर काजळी कशी?"

"वाऱ्याने आली असेल."

"खिडक्या तर बंद आहेत."

खिडक्यांनीच चहाडी केल्यासारखं आजोबांनी त्यांच्याकडे पाहिलं.

"भिंत पुसलीत ना?"

"जरासा हात फिरवला. तुम्ही येणार म्हणून."

"आम्ही साफ करायला येणार, म्हणून तुम्ही साफ केलंत?"

"मग काय, तसंच दाखवायचं?"

बाईने तोंडावरचा मास्क नीट केला. "काजळी आधी कोरड्या स्पंजाने उचलायची असते, काका. पाणी नंतर. आगीने एकच खोली काळी केली होती. बाकीचं घर तुम्ही केलंत."

दुपारपर्यंत त्यांनी सगळं घर स्वच्छ केलं. यंत्राने धुराचा वाससुद्धा घालवला. ती माणसं गेली आणि थोड्याच वेळात मुलगी आली. दारातच थबकून तिने नाक वर केलं.

"बाबा, काय जळलं?"

"वास येतोय?" आजोबा दचकले.

"कसलाच येत नाही. या घरात काही ना काही करपलेलं असतंच. खरं सांगा."

आजोबांनी खरं सांगितलं. फडकं, पंखा, पडदे, सगळं.

"पेटलेल्या तेलावर पाणी ओतलंत?" तिने घाईने त्यांचे हात उलटून पाहिले.

"वेडा आहे का मी? गॅस बंद केला, कढईवर झाकण ठेवलं. विझलं."

मुलगी खुर्चीत बसली.

"कपडे भरू का?" आजोबांनी हळूच विचारलं.

"नको. ज्याला एवढं सुचतं, तो एकटा राहू शकतो. पण एक सांगा, एवढ्या आगीला घाबरला नाहीत आणि मला घाबरलात?"

आजोबांनी गंभीरपणे विचार केला.

"आगीवर झाकण ठेवता येतं गं."