गियरबॉक्सपासून मागं

आमच्या शेजारच्या दत्तूआण्णांच्या जीपला इंजिन नाही. त्यामुळे ते काम आण्णा स्वतःच्या तोंडाने करतात.

रोज सकाळी अंघोळ, देवपूजा उरकली की ते अंगणातल्या जीपमध्ये जाऊन बसतात. किल्ली फिरवतात. मग घशातून आधी खरखर येते, खोकल्यासारखं काहीतरी होतं आणि गाडी सुरू होते. पहिला गियर, दुसरा गियर. घाट लागला की आवाज जड होतो. वळण आलं की आण्णा डावा हात शेजारच्या रिकाम्या सीटपुढे आडवा धरतात आणि म्हणतात, "धर रं घट्ट." कोणाला म्हणतात, हे मी कधी विचारलं नव्हतं. जन्मभर लष्करात ट्रक चालवलेला माणूस. शेजारी कोणी जवान बसत असेल, असं मी धरून चाललो होतो.

थोड्या वेळाने वहिनी चहाचा कप बॉनेटवर ठेवतात. "तापलं आसंल इंजान. थांबा जरा," म्हणतात. मग आण्णा हँडब्रेक ओढून उतरतात. गल्लीत नवा भाडेकरू आला की आधी घाबरतो, मग हसतो, आणि महिन्याभरात त्याच आवाजावर दूध तापायला ठेवतो.

आण्णा तसे शहाणे. गल्लीत नळावरून, कचऱ्यावरून, कुत्र्यावरून कुठेही भांडण लागलं की ते मध्ये पडतात आणि हात वर करून सांगतात, "आदी न्यूट्रलला या. मग बोला." गल्लीतली निम्मी भांडणं या एका वाक्यावर मिटली आहेत. दुसऱ्याच्या भांडणात शहाणपण सुचायला काही लागत नाही म्हणा.

इंजिन गेलं कुठे, तर शिराळ्याकडे, त्यांच्या मूळ गावी, वाटणीत. वडील गेल्यावर आण्णा आणि त्यांचे धाकटे भाऊ शिवाबापू यांची वाटणी झाली. रानाचे दोन तुकडे झाले, घरात भिंत आली, विहिरीच्या पाण्याला पाळ्या लागल्या. वडिलांच्या जीपवर मात्र गाडं अडलं. दोघेही म्हणत, माझी. शेवटी एक म्हातारा पंच वैतागून म्हणाला, "मग आसं करा. इंजान धाकल्याला द्या, बाकीची थोरल्याला." तो बिचारा चिडून बोलला होता. हे दोघे म्हणाले, मान्य. गियरबॉक्सपासून मागं थोरल्याचं, इंजिन धाकट्याचं. रेडिएटर कोणाचा, यावर म्हणे आणखी एक बैठक झाली.

मी जन्मभर सरकारी कचेरीत वाटण्यांचीच कामं पाहिली. आपल्याला मिळालं नाही याचं दुःख माणूस पचवतो. भावाला मिळालं, हे पचत नाही. त्यामुळे मला या गोष्टीचं नवल वाटलं नाही, फक्त वीट आला.

"आण्णा, बाजारात पन्नास इंजिनं मिळतील. दुसरं बसवा," मी एकदा म्हणालो.

"आवं सायेब, दुसरं बसीवलं म्हंजे वाटनी मान्य केल्यागत व्हतंय," ते म्हणाले.

मान्य नसलेली वाटणी हा माणूस वर्षानुवर्षं तोंडाने चालवत होता.

यंदा साताऱ्याजवळच्या एका माळावर जुन्या आणि नटवलेल्या गाड्यांचा मेळा भरायचा होता. शनिवारी गाड्या मांडायच्या, रविवारी सरळ पट्ट्यावर दोन दोन गाड्यांची शर्यत. आण्णांनी चौकातला फलक वाचला आणि त्या दिवशी जीपमध्ये बसले ते वहिनींनी दोनदा चहा आणला तरी उतरेनात. दुपारी माझ्याकडे आले.

"सायेब, शिवाला फोन लावा. पैऱ्याचं इचारा."

पैरा म्हणजे तुझा एक बैल, माझा एक बैल, मिळून जोडी करायची. काम झालं की ज्याचा बैल त्याच्या गोठ्यात. आमच्याकडे बैलगाडीच्या शर्यतीलाही असा पैरा करतात, आणि ज्यांच्यात बोलणंचालणं नाही तेही पैऱ्याला नाही म्हणत नाहीत. बैलांचं काही भांडण नसतं. मी फोन लावला. शिवाबापू म्हणाले, "दोन दिस. आयतवारी सांजंला इंजान परत."

शुक्रवारी सकाळी बापू टेम्पो घेऊन आले. इंजिन गोधडीत गुंडाळलेलं होतं. बापूंनी ते गोठ्यात लाकडी घोडीवर ठेवून दर अमावस्येला सुरू केलं होतं, तेलपाणी केलं होतं. त्यांनीही दुसरी गाडी घेतली नव्हती. कडुलिंबाच्या फांदीला चेनकप्पी बांधून दोघे कामाला लागले. एकमेकांशी बोलायचं नाही, त्यामुळे मला मध्ये स्टूल टाकून बसवलं होतं.

"सायेब, त्यास्नी सांगा, जरा डावीकडं दाबा."

"सायेब, ह्याला सांगा, मला कळतंय."

निरोप पोचवायच्या आतच हात हललेले असत. एकाने हात पुढे केला की दुसरा नेमका हवा तोच पाना ठेवी. मी नुसता शोभेला होतो.

चहाला थांबले तेव्हा बापूंनी मला हनुवटीवरचा व्रण दाखवला. "ही ह्यांची डायवरकी. ल्हानपनी वळनावर भाईर पडलो. तवापासनं ह्ये एका हातानं गाडी चालवायचं आन् एका हातानं मला धरायचं." मग कपात बघत म्हणाले, "आमच्या पाळ्या ठरल्याल्या व्हत्या. रानात जाताना ह्येंनी चालवायची, येताना मी."

आण्णा तेव्हा बॉनेट पुसत होते. पुसलेलंच परत पुसत होते.

संध्याकाळी इंजिन लागलं. आधी खरखर झाली, मग खोकल्यासारखं, आणि गाडी सुरू झाली. आण्णांच्या तोंडचा आवाज अगदी हुबेहूब होता, हे गल्लीला त्या दिवशी कळलं. वहिनी पदर तोंडाला लावून आत गेल्या.

शनिवारी आण्णांनी जीप चालवत माळावर नेली. मेळ्यात काय काय होतं. ज्वाळा रंगवलेल्या मोटारी, कानठळ्या बसवणाऱ्या बुलेट, माणसाएवढ्या चाकांचा ट्रॅक्टर, आणि वडिलांच्या जिवावर काळे चष्मे लावलेली पोरं. त्यात आमची खाकी जीप. तिच्या एका बाजूला आण्णा, दुसऱ्या बाजूला बापू, मध्ये बॉनेट. लोक विचारत, "गाडी कुणाची?" दोघे एकदम सांगत, "आमच्या वडलांची." मला वाटलं, चला, एवढ्या वर्षांनी एक वाक्य तरी सामाईक निघालं.

रविवारी आमची जीप पट्ट्यावर उभी राहिली. शेजारी पुण्याच्या एका तरुणाची नारिंगी मोटार. समोर दिव्यांचा खांब. बापूंनी पिशवीतून नारळ काढला. आण्णांनीही आपल्या पिशवीतून नारळ काढला. नारळाचा मान थोरल्याचा, का इंजिन आणणाऱ्याचा? मान सोडायला कोणीच तयार नव्हतं. शेवटी दोघांनी दोन्ही नारळ चाकापुढे फोडले. इकडे संयोजकांची माणसं बोंबलत धावली. त्या पट्ट्यावर पाण्याचा थेंब चालत नाही, चाक घसरतं. आणि यांनी भर रेषेवर दोन नारळांचं पाणी ओतलेलं. पुसापुशी झाली, खोबऱ्याचे तुकडे वेचले. एका माणसाने प्रसाद म्हणून खाल्लेही.

मग एक संयोजक म्हणाला, "चला, बसा. आणि गाडीत एकच माणूस बसेल."

हा नियम आमच्यापैकी कोणी विचारलाच नव्हता. बैलगाडीला दोन बैल लागतात, एवढंच सगळ्यांच्या डोक्यात होतं.

"सायेब, ह्याला सांगा, श्टेरिंग माजं हाय."

"सायेब, त्यास्नी सांगा, इंजान माजं हाय."

"आण्णा, न्यूट्रलला या," मी म्हणालो. गाडी न्यूट्रललाच होती. माणसं नव्हती.

मी जवळ होतो म्हणून मला दिसलं. आण्णांचा हात बापूंच्या खांद्याकडे गेला. बस तू, एवढेच दोन शब्द लागत होते. ओठ हललेही. रोज घाट चढवणाऱ्या त्या तोंडाला हे दोन शब्द काही झेपले नाहीत. हात खाली आला. हिरवा दिवा लागला, नारिंगी मोटार धूर सोडत एकटीच गेली, आणि आमची जीप दोन मालकांच्या मध्ये रेषेवर धडधडत उभी राहिली. भोंग्यावरून कोणीतरी म्हणालं, "जीप बाद." लोक हसले. मला त्या दोघांच्याही कानाखाली वाजवावीशी वाटली.

ठरल्याप्रमाणे बापूंनी तिथेच माळावर इंजिन उतरवलं. आण्णा न मागता एकेक पाना हातात देत होते. गोधडी त्यांनीच नीट गुंडाळली, कोपरे आत खोचले. टेम्पो गेला. आण्णांनी मागे वळून पाहिलं नाही, पण टेम्पोचा आवाज पार विरेपर्यंत ते चाकाचे नट तपासत राहिले. ते नट कोणी सोडलेलेच नव्हते. जीप ट्रॅक्टरला बांधून घरी आणली.

सोमवारी सकाळी गल्लीत आवाज आला नाही. मी कुंपणापाशी गेलो. आण्णा जीपमध्ये होते, पण डावीकडच्या सीटवर. एका हाताने समोरचा दांडा घट्ट धरलेला. उजवीकडे स्टिअरिंगमागे कोणी नव्हतं. बॉनेटवर चहा निवत होता.

"आण्णा, आज बंद गाडी?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. रिकाम्या सीटकडे पाहत म्हणाले, "जाताना मी चालीवली, सायेब. येताना पाळी त्याची हाय."