गायधनींचं खरं नाशिक

मुलांनो, आमच्या अल थुमामा भागातल्या इमारतीत तळमजल्यावर गायधनी आजोबा राहतात. मुलीने खटपट करून काढून दिलेल्या परवान्यावर ते कतारमध्ये आहेत आणि रोज सकाळी मल्याळी माणसाच्या दुकानात चहा पीत, बाहेरून आलेल्यांनी देश कसे बिघडवले ते सांगतात.

"कोणते देश?" मी एकदा विचारलं.

"सगळेच, वहिनी. फ्रान्स बघा."

फ्रान्स त्यांना तोंडपाठ, कारण सारी नोकरी एका फ्रेंच कंपनीत झाली. तिथला एक म्हातारा जहाल पुढारी त्यांचं दैवत. त्याने बाहेरच्यांच्या द्वेषावर पक्ष वाढवला, ज्यूंच्या संहाराला इतिहासातला किरकोळ तपशील म्हटल्याबद्दल कोर्टाचे दंड भरले आणि शेवटी पोटच्या मुलीनेच त्याला पक्षातून काढलं. तिने दुकानाची पाटी बदलली, माल बराचसा तोच ठेवला. पुढे नातही त्याच धंद्यात उतरली. गायधनींना यातलं एकच खुपायचं. "बापाला काढलं, वहिनी. बापाला."

कारण त्यांचंही तेच झालं होतं. त्यांनी इथे नाशिककर मंडळ काढलं. आधी मालेगाव वगळलं, मग मनमाड. सिन्नरचे लोक 'तसे बाहेरचेच' ठरले. पंचवटीपर्यंत पोचेतो सभासद उरले ते आणि मुलगी मुक्ता. जावई नागपूरचा, म्हणून पाहुणा. शेवटी मुक्ता सेक्रेटरी झाली आणि तिने सगळ्यांना बोलावलं.

गणपतीत मोदकांची स्पर्धा झाली. ताटांवर नावं नव्हती. परीक्षक गायधनींनी एका ताटातले तीन मोदक संपवले आणि म्हणाले, "हा पंचवटीचा हात. खलास."

तो हात रत्नागिरीच्या नसीमाताईंचा निघाला. गायधनींनी ग्रुपवर लिहिलं, बाहेरच्यांना बक्षीस देता येत नाही. मोदक परत करायची सोय राहिली नव्हती. मुक्ताने वडिलांना ग्रुपमधून काढलं, मंडळाच्या नावातून नाशिकही काढलं.

बापलेकींचं बोलणं बंद झालं. ती वरच्या मजल्यावरून डबा पाठवायची, ते जेवायचे. "हा डबा आहे, वहिनी. तडजोड नव्हे."

जानेवारीत तो फ्रेंच म्हातारा वारला. गायधनी पायात घरातल्या सपाता तशाच घालून माझ्या दारात आले.

"ती विमानात होती, वहिनी. त्याची मुलगी. तिला वाटेत कळलं."

मी त्यांना आत बोलावलं, पण ते दारातच थांबले.

"मुक्ता आज मुंबईहून येते ना? कधी उतरतं विमान?"

मुलीशी अबोला, म्हणून जावयाला त्यांना विचारता येत नव्हतं. मी गाडी काढली. विमानतळावर नावाच्या पाट्या घेतलेल्या ड्रायव्हरांच्या गर्दीत ते सपातांवर उभे राहिले. "फार बाहेरचे जमलेत," एवढं मात्र पुटपुटले.

मुक्ता त्यांना पाहून घाबरली. "बाबा? काय झालं?"

"काही नाही. तो गेला."

"कोण?"

"फ्रान्सचा."

तिने माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्या पायांकडे. "ग्रुपमध्ये मी घेणार नाही, बाबा. आधी नसीमाताईंची माफी मागा."

त्यांनी तिची बॅग ओढायला घेतली. गाडीत तिच्या शेजारी बसले. सिग्नलला मी थांबले, तेव्हा मागून आवाज आला.

"त्या बाई राहतात कुठे?"

"नजमा भागात," मुक्ता म्हणाली.

"वहिनी, वळसा पडेल का?"

"पडेल."

"पडू दे."