कमरेचे मणी

धाकट्या लेकीचं लग्न झालं त्या वर्षीची ही गोष्ट. लग्नाच्या गडबडीत घड्याळजी आप्पांनी व्याह्यांचं घड्याळ दुरुस्त करून दिलं, फक्त मिनिटकाटा बसवायचा राहिला. झालं! थोरल्या मुलाने दुकानातली खुर्ची आपल्याकडे घेतली. "आप्पा, डोळे थकले तुमचे. आता घरी आराम करा."

आप्पांना आराम म्हणजे शिक्षाच. चार दिवस त्यांनी घरातली सगळी घड्याळं खोलून पुन्हा जोडली. पाचव्या दिवशी न्हाणीघराच्या उंबऱ्यावर एक भलीमोठी काळी मुंगी सापडली. मोबाइलवर वाचून त्यांनी जाहीर केलं, "पंख गाळून आलेली राणी आहे ही!" आणि तिला काचेच्या नळीत घालून ओल्या कापसाचं बूच लावलं.

"कुठल्या जातीची?" त्यांची बायको, माई, कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "लाकूड पोखरणारी असली तर आत्ताच्या आत्ता बाहेर. कपाट नवं आहे माझं."

"कमरेला गाठीसारखा एक मणी असला तर लाकूडवाली, दोन असले तर दाणेवाली." आप्पांनी डोळ्याला भिंग लावलं. "दोन! अगदी स्वच्छ दोन."

थोरला जेवायला आला. त्यानेही भिंग लावलं. "एकच तर आहे."

"दोन."

"एक! म्हणून तर म्हणतो, तुमचे डोळे..."

"माझ्या डोळ्यांवर जाऊ नकोस! दोन निघाले तर खुर्ची माझी."

"आणि एक निघाला तर दुकानाचं नाव काढायचं नाही."

मग नळीत तीळ टाकले, राणीने हुंगले नाहीत. भुसा टाकला, त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. सून सासऱ्यांच्या बाजूची झाली, म्हणून थोरला रुसला. शेजारच्या शिंप्याला पंच नेमलं. त्याला बाप-लेक दोघांचीही गिऱ्हाइकी सांभाळायची होती. त्याने बराच वेळ बघून निकाल दिला, "दीड."

शेवटी रविवारी टेबलावर पांढरा कागद पसरून, दिवा लावून नळी उलटी केली. राणी बाहेर आली आणि मिशा नाचवायला लागली. आप्पा नाक टेकेल इतके वाकले. तेवढ्यात तिने टुणकन उडी मारली ती थेट भिंगावर, आणि तिथून घसरली ती आप्पांच्या नाकासमोर लोंबकळायला लागली.



"अगंबाई," माई म्हणाली, "मुंगीला दोरी कुठून आली?"

सुनेने वाकून पाहिलं. "माई, त्या मिशा नव्हेत, पाय आहेत. आठ पाय! मुंगीचं सोंग घेतलेला कोळी आहे हा."

"असू दे," आप्पा हलले नाहीत. "मणी किती ते सांग."

माई मात्र थोरल्याकडे वळली. "यांचे डोळे म्हातारे. तुझे तर तरणे ना रे? तुला आठ पाय दिसले नाहीत?"

थोरला आधी ओशाळला, मग पोट धरून हसत सुटला. "आप्पा, उद्यापासून दोघंही बसू. एकाने जोडायचं, दुसऱ्याने तपासायचं. एकट्या कुणाचा भरवसा नाही."

दुसऱ्या दिवशी दुकानात आणखी एक खुर्ची गेली.

कोळी त्याच महिन्यात मेला. आप्पा गेले ते त्यानंतर आठव्या वर्षी, थंडीत, एका सोमवारी सकाळी. शनिवारपर्यंत ते दुकानात बसत होते.