लोखंड्याचा पाय हवेत

लोखंड्या पैलवानाचा उजवा पाय सलग तीन रविवार हवेत होता.

पायाखाली झाकणराव होता. झाकणराव म्हणजे दिसेल त्या उघड्या वस्तूवर झाकण ठोकणारा दुष्ट माणूस. विहिरी, हंडे, शाळेची घंटा, काही म्हणून त्याने सोडलं नव्हतं. एकदा तर त्याने अख्ख्या रंकाळा तलावावर पत्रा घालायला घेतला होता. आता पाय खाली आला की झाकणरावाची पोळी होणार, हे आमच्या गल्लीतल्या पोरांपासून पेन्शनरांपर्यंत सगळ्यांना कळून चुकलं होतं. पण पाय खाली आणणारा माणूस दार लावून बसला होता. आणि त्याने दार का लावलं, हे गल्लीत फक्त मला ठाऊक होतं.

हा माणूस म्हणजे विष्णू पेंटर, आमचे इष्णूकाका. तरुणपणी ते सिनेमाच्या स्टुडिओत पडदे रंगवायचे. राजवाडे, जंगलं, ढगाळ आभाळ. पुढे स्टुडिओतलं काम आटलं आणि ते दुकानांच्या पाट्या रंगवू लागले. पण त्यांचा खरा धंदा रविवारी दुपारी चार वाजता सुरू व्हायचा. त्यांनी एक लाकडी खोका केला होता. त्यात दोन लाकडी रूळ, मागे शंभराचा बल्ब, बाजूला फिरवायला हँडल. छापखान्यातून उरलेला कागदाचा रोल आणून त्यावर ते आठवडाभर चित्रं काढायचे आणि रविवारी खिडकीला घोंगडं टांगून, हँडल फिरवत, सगळ्यांचे आवाज स्वतःच काढत गोष्ट दाखवायचे. कोल्हापुरात अजून टीव्ही आला नव्हता. आमच्या गल्लीत मात्र आला होता, असं म्हणायला हरकत नाही.

ह्याला कारण थोडंफार आमचंच घर. माझा मामा ऑइल इंजिनच्या कारखान्यात होता. कंपनीने त्याला शिकायला जपानला पाठवलं. येताना त्याने माझ्यासाठी विटेएवढं जाड, चित्रांच्या गोष्टींचं पुस्तक आणलं. त्यातलं अक्षर आमच्या घरात कुणाला लागेना. मामा एवढंच म्हणाला, “तिकडं ही चित्रं टीव्हीवर चालतात, बोलतात. दर आठवड्याला एक भाग.”

काका ओट्यावर बसून ऐकत होते. “दर आठवड्याला?” ते म्हणाले. “मग आपल्याला काय धाड भरलीय?”

काका पुस्तक घेऊन गेले, ते पुस्तक परत आलंच नाही.

त्यातूनच लोखंड्या जन्मला. त्याच्या पोटात डिझेलचं इंजिन, पाठीला हँडल, कमरेला पत्र्याचा लंगोट. ऐन कुस्तीत इंजिन बंद पडायचं. ते सुरू करता यायचं एकटीलाच, मंजी नावाच्या मुलीला. मंजी घरातून भांडून निघालेली होती आणि दोन वर्षं झाली तरी घरी पोचली नव्हती.

“काका, एकदा तरी पहिल्या हँडलला सुरू करा की इंजिन,” शिंद्यांची पमी वैतागून म्हणायची.

“पहिल्या हँडलला सुरू झालं तर तू तुझ्या घरी, मी माझ्या घरी. गोष्ट कुठं ऱ्हायली मग?”

खेळाला पैसे नव्हते. दारात उभं राहून मागच्या रविवारी काय झालं ते एका वाक्यात सांगायचं, मग आत सोडायचे. “सांग आन ये!” हे त्यांचं तिकीट. जे कुणालाच आठवायचं नाही ते काका पुढच्या भागातून काढून टाकायचे. असा एक बोलणारा पोपट गेला, एक राजपुत्र गेला. “लई देखणा काढलता,” ते हळहळले, “पर ध्यानात कुणाच्याच न्हाय. मंग काय उपेग?”

मला चारचौघांत एक वाक्य बोलणं म्हणजे संकट होतं. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. गल्लीत तोंड उघडलं की माझं मराठी पुस्तकी वाटतं, असं मला वाटायचं, म्हणून मी ते उघडतच नसे. काका मला दारात अडवायचे नाहीत. “इंग्लिश मिडियमला तिकीट माफ,” असं म्हणून हाताने आत जा म्हणायचे. मी कोपऱ्यात बसायची.

मी कॉलेजच्या वहीत मागच्या बाजूने गोष्टी लिहिते, हे त्यांना आईकडून कळलं. एक दिवस त्यांनी वही मागवून घेतली. दोन दिवसांनी त्यांनी ती परत दिली.

“अक्षर झ्याक हाय,” ते म्हणाले. “पर सतरा पानं झाली, तुझी नायिका जेवली कवा?”

“अं?”

“रडली चार बारी. खिडकीत उभी ऱ्हायली सा बारी. खाल्लं काय न्हाय. माझा झाकणराव बघ, एवढा खलनायक, पर संध्याकाळी घरी जाऊन भाकरी खातोय. भाकरी खाताना त्याच्यावर पण झाकण ठिवतोय, कारण ल्हानपणी उघड्या हिरीत पडलता त्यो. कुणाचा राग आला तरी त्याला जेवायला वाडायचं, काय?”

दुसरा धडा त्या जपानी पुस्तकातून. काकांनी एक पान उघडलं. त्यात माणूस नव्हता, काही घडतही नव्हतं. फक्त दोरीवर वाळत घातलेले कपडे. “हितं बघ. मारामारीच्या मधी ह्यो बाबा कपडे दावतोय. का? बघणाऱ्याला दम खायाला जागा पायजे.” तेव्हापासून त्यांच्या रोलमध्येही अधूनमधून रिकामी चित्रं येऊ लागली. बंद छत्री, चुलीजवळची मांजर. पोरं ओरडायची, “काका, ढकला की म्होरं!” काका ढकलायचे नाहीत. आणि रोलच्या शेवटी दोन वीत कागद कोरा सोडायचे. त्याचं कारण मात्र कधी सांगितलं नाही.

त्या पुस्तकाबद्दल एक गंमत झाली होती. मामा पुन्हा आला तेव्हा काकांनी त्याला सगळी गोष्ट चित्रांवरून सांगितली. मुलगी आधी आईच्या गळ्यात असते, मग आगगाडी, मग बर्फ, आणि शेवटी एकटीच रस्त्यावर गाठोडं घेऊन. “लई हिमतीचा लेखक,” काका म्हणाले.

मामा हसला. “अहो, ते उजवीकडनं वाचतात. तुम्ही उलटं बघितलं. पोरगी शेवटी घरी येते.”

काकांनी पुस्तक मिटलं. मग म्हणाले, “मंग छापताना चुकलंय त्यांचं.” आणि पुस्तक घेऊन उठून गेले.

त्यांची मुलगी सुमनताई. तिने स्वतःच्या पसंतीने चंदगडकडच्या एका मास्तरांशी लग्न केलं, तेव्हा काका भर गल्लीत ओरडले होते, “ह्या घराला तुझ्यासाठी दार न्हाय!” मी तेव्हा लहान होते. तो आवाज अजून आठवतो. ताई गेली ती आलीच नाही. काकू वारल्यावर काकांनी एकट्याने वाढवलेली एकुलती एक मुलगी. त्यानंतर दोघांत एक शब्द नाही, चिठ्ठी नाही.

पण दर सोमवारी काका रोल वर्तमानपत्रात गुंडाळून चंदगडच्या एसटीत कंडक्टरजवळ द्यायचे. शुक्रवारी तो तसाच परत यायचा, चिठ्ठीशिवाय. काका स्टँडवरून घेऊन यायचे, ओट्यावर बसून सुतळी सोडायचे, रोलकडे एकदा बघायचे आणि शीळ घालत आत जायचे. गल्लीला सगळं माहीत होतं आणि कुणीच काही बोलत नव्हतं. कोल्हापूरसारख्या मोठ्या आवाजाच्या गावात ही मोठीच गोष्ट.

लोखंड्याने पाय उचलला त्या आठवड्यात काकांना गडमुडशिंगीत दूधसंस्थेची पाटी रंगवायची होती. “इंग्लिश मिडियम,” ते म्हणाले, “कॉलेजातनं येताना स्टँडवरनं माझा रोल आणशील?”

शुक्रवारी मी घाबरत चंदगडच्या गाडीपाशी गेले. कंडक्टर म्हणाला, “पेंटरचा रोल व्हय? न्हेवा की ताई. दोन वर्सं न्हेतोय-आणतोय, आत काय हाय कुणी सांगंना झालंय.”

घरी येईपर्यंत सुतळी सुटली होती. कागदाचं कोरं टोक बाहेर आलं होतं आणि त्यावर तेलाचे डाग. एक मोठा, भोवती चार-पाच छोटे. मला वाटलं, गाडीत कुणीतरी भजी खाल्ली. माझ्या ताब्यात असताना काकांचा कागद खराब झाला म्हणून मला रडूच आलं. मी डागांवर टाल्कम पावडर टाकली, टिपकागदाने दाबलं. डाग पुष्कळ फिके झाले. मग सगळा रोल नीट उलटा गुंडाळला, सुरुवातीचं चित्र बाहेर येईल असा. कडा ठोकून सारख्या केल्या. नवीन सुतळी बांधली. स्वतःवर मी बरीच खूश होते.

काका संध्याकाळी आले. सुतळी सोडली, रोलकडे बघितलं. शीळ वाजली नाही.

त्या रविवारी त्यांनी मागचाच भाग पुन्हा दाखवला. पोरांनी दंगा केला. “आज काम झालं न्हाय,” एवढंच काका म्हणाले. आवाजसुद्धा नीट काढले नाहीत, आणि पाय हवेत आला तिथेच हँडल सोडून दिलं. झाकणराव आणि मंजी एकाच सुरात बोलत होते.

पुढच्या शनिवारी ते ओट्यावर एकटेच बसले होते. मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांना आपणहून काही विचारलं. “काका, पुढचा भाग?”

बराच वेळ ते हातावरचा वाळलेला रंग नखाने काढत राहिले. “कुणासाठी?” ते म्हणाले. “मी सुरवात वर ठिवून धाडतोय, रोल बघत गेलं की शेवट वर येतोय. हातानं गुंडाळत बघा न्हायतर खोक्यात. दोन वर्सं परत येताना शेवट वर असायचा. म्हंजे बघितलेला असायचा. मला तेवढंच पुरं होतं. ह्या खेपेला जसा धाडला तसा आला. तिनं उघडलाच न्हाय गं.”

  मी ‘आई हाक मारतेय’ असं पुटपुटून घरात पळाले. आई भाजी आणायला गेली होती.

तिसऱ्या रविवारी दार बंद. पमी आणि तिची फौज दारावर थापा मारून दमली. मी खिडकीतून बघत होते. माझ्या वहीतली नायिकासुद्धा अशीच उभी राहायची, हे लक्षात आलं आणि स्वतःचाच राग आला. पोरं गेल्यावर मी जाऊन कडी वाजवली.

“कोण हाय?”

“मी.”

“खेळ न्हाय आज.”

“काका, मागच्या भागात काय झालं ते सांगायचंय.”

दार उघडलं. मी एका दमात सगळं सांगितलं. स्टँड, सुतळी, डाग, पावडर, गुंडाळणं. मध्ये दोन वाक्यं इंग्रजीतही गेली असतील. 

“म्हंजे शेवट वर हुता?”

“हो.”

“आन तू उलटा केलास?”

“हो. नीट दिसावं म्हणून.”

“वा गं शाणे,” ते म्हणाले. मग एकदम खुर्चीत बसले. तिथूनच विचारलं, “डाग कसलं म्हणालीस?”

“तेलाचे. कोऱ्या भागावर. मी घालवायला गेले, पण पूर्ण गेले नाहीत.”

काका उठले. रोल खोक्यात लावला, घोंगडं ओढलं, बल्ब लावला आणि हँडल फिरवायला लागले. मंजी गेली, झाकणराव गेला, हवेतला पाय गेला. कोरा कागद आला.

तेल लागलेला कागद उजेडात जास्त उजळतो. बाहेर जे मला भज्यांचे डाग वाटले होते ते खरं काय आहे, हे बल्बसमोर स्वच्छ दिसलं. एक इवलासा पंजा. पाची बोटं. तेल लावून आंघोळीला नेण्याआधी मूल हातातून निसटावं आणि समोरच्या कागदावर थाप मारावी, तसा. की कुणी धरून उमटवला होता, कोण जाणे.

काकांनी खोक्याच्या काचेवर आपली बोटं टेकवली. रंगाने कायमची काळी-निळी झालेली त्यांची चार बोटं त्या उजेडावर मावेनात.

“कितीचं आसंल?” त्यांनी विचारलं.

“दीड-दोन वर्षांचं?”

“हूं,” ते म्हणाले. “मला कुणी सांगितलंच न्हाय.” आणि काचेवरची बोटं न काढता, “सांगणार तरी कुणाला. दार कुठं ठिवलं मी.”

बल्ब तापून खोक्याला वास यायला लागला तरी त्यांनी तो बंद केला नाही. मी हळूच निघाले. जाताना दिसलं, जपानी पुस्तक कोनाड्यात होतं. त्यातली कागदाची खूण आता उजव्या बाजूच्या पुठ्ठ्यापाशी होती, जपानी माणूस वाचायला सुरुवात करतो तिथं.

पुढच्या रविवारी खेळ झाला. दारात काकांनी मला अडवलं. “सांग आन ये!” ते म्हणाले. मागे सगळी गल्ली उभी होती. माझे कान गरम झाले.

“लोखंड्याचा पाय हवेत होता,” मी म्हणाले.

“मोठ्यानं.”

“लोखंड्याचा पाय हवेत होता!”

“जा आत.”

घोंगडं ओढलं, हँडल फिरलं. पाय खाली आला. पण झाकणरावावर नाही. लोखंड्याने तो अलगद बाजूला टेकवला, गुडघे मोडून तो खाली बसला, आणि त्याच्या लोखंडी तळहातावर एक उघडंनागडं, तेलाने चकाकणारं बाळ होतं. मंजी त्याला दूधभात भरवत होती.

“आयला! काका, हे कोण?” पमी उभीच राहिली.

“नवीन आलंय.”

“नाव काय त्याचं?”

हँडल थांबलं. अंधारात काकांचा चेहरा दिसत नव्हता.

“कोऱ्या जागेत कळवा म्हणून लिवलंय,” ते म्हणाले. “उद्याच्या गाडीनं धाडतोय.”