भागामावशी आणि दंडावरचा पट्टा

मी कोणाच्या बापाला घाबरत नाही. हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर पुढचं वाचून तुमचा भलताच गैरसमज व्हायचा!

सव्वीस वर्षं स्टिअरिंगवर काढलीत. कापसाने भरलेला ट्रक घेऊन बिजासन घाट कितीदा उतरलो, त्याची मोजदाद नाही. आता देवपूरच्या एका शाळेची बस चालवतो. गाडीत चौपन्न पोरं! पन्नास ओरडतात, तीन भांडतात आणि एकाला रोज उलटी होते. तरी आपला हात जागचा हलत नाही. पोरं म्हणतात, आधारकाका असले की झोपलं तरी चालतं.

यंदा शाळेने नवा नियम काढला. पन्नाशी ओलांडलेल्या ड्रायव्हरने डॉक्टरचा फिटनेसचा कागद आणायचा. मोठ्या बाईंनी बोलावून सांगितलं, "आधारभाऊ, पंधरा तारखेपर्यंत कागद द्या. नाही दिला तर किल्ली दुसऱ्याकडे द्यावी लागेल. तुम्हाला मग गेटवर बसवू."

गेटवर! मी! स्टुलावर बसून शिट्टी वाजवू?

"बाई, कागद संध्याकाळीच आणतो," म्हटलं आणि ऐटीत दवाखान्यात गेलो. डोळे तपासले, झकास. छाती तपासली, झकास. मग डॉक्टरांनी दंडाला तो पट्टा बांधला. फुस्स फुस्स करत तो आवळायला लागला, आणि माझं काळीज डिझेल इंजिनासारखं धडधडायला लागलं!

"एकशे बहात्तर," डॉक्टर म्हणाले. "खालचा शंभर. भाऊ, घाबरलात का?"

"छ्या! मी आणि घाबरणार?"

पुन्हा घेतला. एकशे अठ्ठ्याहत्तर!

घरी आलो तर बायकोने, ज्योतीने, चेहऱ्यावरूनच ओळखलं. आमची प्राची नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ती हसून म्हणाली, "पप्पा, काही लोकांचा बीपी डॉक्टरला पाहूनच वाढतो. घरी नॉर्मल असतो. सात दिवस घरी मोजू, सकाळ-संध्याकाळ. वहीत लिहू आणि डॉक्टरांना दाखवू." तिने मशीन आणलं, वहीत रकाने आखले, पाच मिनिटं मला गप्प बसवलं आणि मोजलं. एकशे चोवीस! मी जिंकल्यासारखा उठलो. प्राची वही ज्योतीच्या ताब्यात देऊन होस्टेलला गेली.

इथेच घोळ झाला. ज्योतीने ही गोष्ट एकाच माणसाला सांगितली, शेजारच्या रुपचंदभाऊंना. आणि आमच्या गल्लीत रुपचंदभाऊंना सांगणं म्हणजे भोंगा लावून रिक्षा फिरवणं!

दुसऱ्या दिवशी संध्याकाळपासून माणसं मला भेटायला यायला लागली. आपल्याकडे आजारी माणसाला भेटायला रिकाम्या हाताने जात नाहीत. केळी आली. आणखी केळी आली. चौथ्या दिवशी घरात इतकी केळी झाली की बाबासाहेबांच्या फोटोखालच्या टेबलावरही दोन फण्या! आणि आलेला प्रत्येक जण समोर बसून, माझ्याकडे दयेने बघत, बीपीने कोण कसं गेलं ते सांगायचा.

अमळनेरहून माझी भागामावशी पिशवी घेऊन मुक्कामालाच आली. दारातूनच रडत म्हणाली, "तुले काय व्हयनं रे आधार! मना जेठ बी असाच व्हता! सकायमा चहा पिना, दुपारमा गया!"

"मावशी, मला काही झालेलं नाही!"

"तो बी असंच म्हने!"

पाहुण्यांना ज्योती झणझणीत शेवभाजी वाढायची आणि मला बिनमिठाचा दुधी. तर्रीचा वास घेत मी दुधी गिळायचो. आणि जेवण झालं की प्रत्येक पाहुण्याचा एकच प्रश्न, "वहिनी, मशीन आणलंच आहे तर आमचंही बघा की!"

ज्योतीला नाही म्हणता येत नाही. दंड पुढे यायचे, ती पट्टा बांधायची आणि आकडा वहीत लिहायची. गल्लीतल्या एकाचाही दंड सुटला नाही. शेवटी सगळ्यांचं मोजलेलं बघून मावशीही सरसावली. "बठ्ठासनं मोजं, मनं बी मोज ना माय!" तिचंही मोजलं, तिचंही लिहिलं.

चौदा तारखेला मी वही घेऊन डॉक्टरांसमोर बसलो. त्यांनी चष्मा लावला. पान उलटलं. परत मागे आले.

"भाऊ, सात दिवसांत चौदा वेळा मोजायचं होतं. हे एकसष्ट आकडे आहेत!"

मला दरदरून घाम फुटला. वही मी उघडूनसुद्धा बघितली नव्हती.

"आणि मंगळवारी संध्याकाळी तुमचा बीपी अठ्ठ्याऐंशी आहे. दहा मिनिटांनी एकशे चाळीस. मग दोनशे चार! तुम्ही इथपर्यंत चालत कसे आलात?"

"साहेब, ते अठ्ठ्याऐंशी रुपचंदभाऊंचे! ते बारीक आहेत! सगळी गल्ली आहे साहेब त्यात!"

कंपाउंडर तोंड दाबून हसत बाहेर पळाला. मला मात्र रडू यायचं बाकी होतं. कागद गेला. किल्ली गेली. डोळ्यांसमोर गेटवरचं स्टूल दिसायला लागलं. पण डॉक्टर हसत नव्हते. त्यांचं बोट एकाच आकड्यावर होतं.

"हे दोनशे चार कोणाचे?"

मी आठवलं. मंगळवार. शेवटचा दंड.

"माझ्या मावशीचे."

"कागदाचं नंतर बघू. आधी त्यांना घेऊन या. आत्ताच्या आत्ता!"

धावत घरी गेलो. मावशी ओट्यावर बसून माझ्या वाटची केळी खात होती. दवाखान्याचं नाव काढलं आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. जन्मात कधी दवाखान्याची पायरी चढली नव्हती बाई! रिक्षात बसवली तर माझा हात घट्ट धरून बसली. "माले सुई टोचतीन रे! मी परत नही येवाव!"

आईच्या माघारी हिनेच मला वाढवलं. त्या क्षणी मला कागद आठवला नाही की शाळा आठवली नाही, खोटं कशाला बोलू. "मावशी, मी आहे ना. काही होत नाही," असं रस्ताभर म्हणत होतो. पहिलीतलं पोर पहिल्या दिवशी बसमध्ये रडतं तेव्हा म्हणतो ना, तसंच.

डॉक्टरांनी पट्टा काढला आणि मावशीने हात पदरात लपवला. "माले नको! आधी याले लावा!"

"लावा साहेब," मी बाही वर करून म्हणालो. "बघ मावशी, नुसता आवळतो. गुदगुल्या होतात. बघ, मी हसतोय की नाही?" पट्टा फुस्स फुस्स करत आवळत होता, दुसऱ्या हाताने मी मावशीची पाठ थोपटत होतो आणि माझं सगळं लक्ष तिच्या तोंडाकडे होतं.

"एकशे सव्वीस," डॉक्टर म्हणाले.

"कोणाचा?"

"तुमचाच!"

त्यांनी पाच-पाच मिनिटांनी आणखी दोनदा घेतला. माझा हात मावशीच्या पाठीवरच होता. एकशे चोवीस, एकशे अठ्ठावीस! मावशीला गोळ्या सुरू झाल्या आणि मला कागद मिळाला. डॉक्टर सही करताना म्हणाले, "भाऊ, शेजारी घाबरलेलं माणूस बसलं की तुम्ही ड्रायव्हर बनता. एकटे बसलात की पॅसेंजर!"

पंधरा तारखेला मी कागद मोठ्या बाईंच्या टेबलावर ठेवला आणि हॉर्न वाजवतच बस बाहेर काढली.

आता खरी अडचण सांगतो. या गोष्टीला वर्ष झालं. कागद नवा करायचा म्हणून आज सकाळी मोठ्या विश्वासाने मावशीला घेऊन दवाखान्यात आलो. पण वर्षभर गोळ्या घेऊन बाई ठणठणीत झालीय! आल्या आल्या कंपाउंडरला चहा सांगितला, डॉक्टरांना पोराबाळांची खबरबात विचारली, स्वतःचा दंड स्वतःच पुढे केला. एकशे तीस! मग माझ्या पाठीवरून हात फिरवत सगळ्यांसमोर म्हणाली, "घाबरू नको रे आधार, मी शे ना!"

एकशे शहात्तर!

डॉक्टरांनी संध्याकाळी परत बोलावलंय. मी बाकावर बसूनच हे लिहितोय. तर मंडळी, तुमच्या घरात दवाखान्याला खरोखर घाबरणारं कोणी असेल तर पाचच्या आत देवपूरला पाठवा. रिक्षाने नेणं-आणणं माझ्याकडे. आणि केळी लागतील तितकी!